शनिवारवाड्यात माणसं राहायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारवाड्याच्या उरलेल्या जोत्यांवरून लोकांना फिरवताना लढायांपेक्षा घरातलेच प्रश्न जास्त येतात. स्वयंपाक कुठं व्हायचा, बायका कुठल्या दारानं जायच्या, मुलं काय खेळायची, एवढ्या माणसांत झोप तरी कशी लागायची. असे प्रश्न नंतर पत्रांतून आणि निरोपांतूनही येत राहतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथं दिले आहेत. काळ १७३२ ते १८१८, म्हणजे वाडा उभा राहिल्यापासून पेशवाई संपेपर्यंतचा.

१. पेशवे तर प्रधान होते. मग त्यांच्या घराला दरबार म्हणायचं का?

गादी साताऱ्याला छत्रपतींची होती आणि पेशवाईची वस्त्रं तिथूनच यायची. पेशव्यांच्या शिक्क्यातही आधी राजाचं नाव आणि मग ‘मुख्य प्रधान’ असा क्रम असे. पण १७४९ मध्ये शाहू महाराज गेले आणि राज्याचा कारभार पुण्यात एकवटला. वकील, सरदार, सावकार सगळे शनिवारवाड्याच्या दारात येऊ लागले. त्यामुळे वाडा एकाच वेळी कुटुंबाचं घर, राज्याची कचेरी आणि दरबार असा तिन्ही झाला. इथल्या खासगी आयुष्याबद्दल पुढं जे काही सांगितलं आहे, त्याच्या मुळाशी ही अडचण आहे: हे लोक कचेरीतच राहत होते.

२. वाडा कधी बांधला आणि खर्च किती आला?

पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. दोन्ही दिवस शनिवार. खर्च १६,११० रुपये असा सांगितला जातो. हा आकडा थोरल्या बाजीरावांच्या मूळ वाड्याचा आहे. तटबंदी, नवे महाल, कारंजी हे सगळं पुढच्या पिढ्यांनी वाढवलेलं. म्हणून ‘पेशव्यांचा वाडा असा होता’ असं कुणी म्हणालं की कुठल्या पेशव्यांचा, असं आधी विचारावं. बाजीरावांचं घर आणि त्यांचे पणतू सवाई माधवराव यांचं घर यांत तीन पिढ्यांचं अंतर होतं आणि आरसे महाल, हस्तिदंती महाल, नाचाचा दिवाणखाना अशी ऐटही मध्ये येऊन बसली होती.

३. पाच दरवाजे कशासाठी?

उत्तरेचा दिल्ली दरवाजा मानाचा. नगारखाना त्याच्यावरच आहे आणि दाराला हत्तींच्या धडकेविरुद्ध खिळे ठोकलेले आहेत. खिडकी दरवाजाला छोटी खिडकी, म्हणजे दिंडी, आहे. गणेश दरवाजा गणेश रंगमहालाजवळचा. घरातल्या स्त्रिया कसबा गणपतीच्या दर्शनाला या दारानं जात असं सांगतात. मस्तानी दरवाजाला पुढं अलीबहादूर दरवाजा हे नाव पडलं (प्रश्न १४ पाहा). नारायण दरवाजाचं जुनं नाव जांभूळ दरवाजा. कुणबिणी आणि नाटकशाळांची (प्रश्न १५ पाहा) ये-जा या दारानं होई, आणि खुनानंतर (प्रश्न १३ पाहा) नारायणराव पेशव्यांचं शव इथूनच बाहेर नेलं म्हणून दाराला त्यांचं नाव लागलं.

कोण कुठल्या दारानं जातं यावरून वाड्यातली त्याची पायरी कळत होती. त्यासाठी पाटी लावावी लागत नव्हती.

४. आत राहायचं कोण? नुसतं पेशव्यांचं कुटुंब?

कुटुंब तर होतंच: पेशवे, भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, विधवा आजी आणि काकू. त्यांच्याभोवती नातलग, आश्रित, शिकायला ठेवलेली मुलं, पुराणिक आणि वैद्य. आणि त्यांच्याभोवती कारखाने. कारखाना म्हणजे यंत्रं नव्हेत, एकेका कामाचं खातं. स्वयंपाकाचा मुदपाकखाना, पिण्याच्या पाण्याचा आबदारखाना, कपड्यालत्त्याचा जामदारखाना, दागिन्यांचा जवाहीरखाना, बिछायती आणि तंबूंचा फरासखाना, हत्यारांचा सिलेखाना, हत्तींचा फीलखाना, घोड्यांची पागा, उंटांचा उष्ट्रखाना, धान्याची कोठी. प्रत्येक कारखान्याला माणसं होती आणि प्रत्येक वस्तूचा हिशेब होता. हुजरे, खिजमतगार, भालदार, चोपदार, मशालजी, भोई अशा नोकरवर्गाला मिळून ‘शागीर्दपेशा’ म्हणत.

घर भरलेलं असण्यालाही ऋतू होता. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पुरुष मोहिमांवर निघत आणि पावसाळ्यापूर्वी परतत. थोरले बाजीराव तर स्वतः बांधलेल्या या वाड्यात फार थोडे राहिले. १७४० मध्ये ते गेले तेही नर्मदाकाठी रावेरखेडीला. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने हे घर स्त्रिया, मुलं, म्हातारी माणसं आणि कारकुनांचं असे.

५. पेशव्यांचा दिवस कसा जायचा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. गोपिकाबाईंनी, म्हणजे थोरल्या बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेब यांच्या पत्नीनं, नाशिकजवळच्या गंगापूरहून नातू सवाई माधवरावाला दिनचर्येबद्दल उपदेश लिहून पाठवला होता. पहाटे उठण्यापासून रात्री निजेपर्यंत कसं वागावं याची शिकवण त्यात आहे. चाळीस दिवसांचा असताना पेशवा झालेला, आईबाप गमावलेला हा मुलगा. त्याला वळण लावायला आजीजवळ कागदाशिवाय दुसरं साधन नव्हतं. मला तरी तो उपदेश राजकारणाच्या कुठल्याही पत्रापेक्षा जास्त हलवून जातो.

दिवसाचा साचा साधारण असा: पहाटे उठणं, स्नान, संध्या, देवपूजा. मग फडावरचे, म्हणजे कचेरीतले कागद, कारकुनांची विचारपूस, लोकांचे मुजरे. दुपारचं जेवण आणि वामकुक्षी. तिसऱ्या प्रहरी घोड्यावर रपेट किंवा पर्वतीचं दर्शन. दिवेलागणीला पुन्हा मुजरे, पुन्हा कागद. रात्री पुराण, कीर्तन किंवा गाणं.

यात पूजेला किती वेळ द्यावा यावरूनही वाद होई. नानासाहेबांचे पुत्र थोरले माधवराव अनुष्ठानात फार रमू लागले तेव्हा न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना तोंडावर सुनावलं अशी आख्यायिका आहे: धर्मच करायचा तर काशीला जाऊन बसावं, राज्य करायचं तर प्रजेचं काम हीच पूजा. माधवरावांनी ते मानलं, असंही ती सांगते. राजाच्या देवघरातल्या वेळेवर प्रजेचा हक्क आहे असं शास्त्रीबुवांना वाटलं, यातच ‘खासगी’ या शब्दाचा त्या काळातला अर्थ दिसतो (प्रश्न १३ पाहा).

६. स्वयंपाक कोण करायचं? जेवायला काय असायचं?

मुदपाकखान्यात ब्राह्मण आचारी सोवळ्यात स्वयंपाक करत. पाणी भरणारे पाणकेही सोवळ्यातलेच. दळणं, निवडणं, सारवणं ही ओवळ्यातली कामं इतरांकडे. घरातल्या सुनांना हे सारं कळत नसे असं मात्र नाही. सणावारी वाढायला, नैवेद्याची तयारी बघायला त्या असत.

हे भट घराणं मूळचं श्रीवर्धनचं, कोकणातलं. त्यामुळे जेवणाचा कणा भात, वरण, तूप, नारळ आणि आमसुलं. देशावर आल्यावर त्यात पुरणपोळी आणि इथल्या भाज्या, भाकऱ्या मिसळल्या. पंगतीत केळीच्या पानावर डावीकडे मीठ, लिंबू, कोशिंबिरी, चटण्या, लोणची, उजवीकडे भाज्या आणि आमटी, मधे भात. पक्वान्नांत लाडू, जिलबी, श्रीखंड, बासुंदी, खीर. पानाभोवती रांगोळी, बसायला पाट, उदबत्तीचा वास.

पंगत हा नीटनेटकेपणाचा कस असे. फेब्रुवारी १७८३ मध्ये सवाई माधवरावांचं लग्न झालं, तेव्हा नाना फडणिसांच्या देखरेखीखाली व्यवस्थेच्या तपशीलवार याद्या केल्या गेल्या. ज्या माणसाच्या हाती तेव्हा राज्याचा सगळा कारभार होता, तो पाहुण्यांच्या पानांपर्यंत लक्ष घालतो. लग्नात कुणाचा मान चुकला तर तो सरदार उद्या मोहिमेला यायला कुरकुर करील हे नानांना ठाऊक होतं.

७. उपवासाला साबुदाणा? सकाळी चहा?

दोन्ही नाही. आपण आज खातो तो साबुदाणा टॅपिओकाचा, तो फार पुढचा. उपवासाला वरी, राजगिरा, शिंगाडा, फळं आणि दूध. चहाची सवय इंग्रजी अमदानीतली. टोमॅटोही नव्हता, आंबटपणाला चिंच, आमसूल आणि लिंबू. मिरची मात्र पोर्तुगीजांमार्फत येऊन चांगली मुरली होती.

८. इंग्रज वकील किंवा निजामाचे लोक आले की ते पंगतीला बसायचे का?

नाही. सोवळ्याची पंगत जातीबाहेर जात नसे. त्यांना शिधा पाठवला जाई, म्हणजे धान्य, तूप, साखर, भाज्या, आणि त्यांचे स्वयंपाकी त्यांच्या मुक्कामी रांधत. वाड्यातला पाहुणचार दरबारात बसवणं, पानसुपारी आणि अत्तरगुलाब एवढा. पानसुपारी पुढं आली की भेट संपली, आता उठावं, हे न सांगता समजत असे.

९. पाणी कुठून यायचं? आंघोळीची आणि शौचाची सोय काय होती?

नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी बंदिस्त नळानं पाणी शहरात आणलं गेलं. उतारावर आपोआप वाहत येणारं हे पाणी वाड्यात आणि शहरातल्या हौदांत पडे. हजारी कारंज्यालाही वाहतं पाणीच लागे. सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हे कारंजं लहानग्या सवाई माधवरावाच्या करमणुकीसाठी केलं असं सांगतात.

आंघोळीला न्हाणीघरं, तांब्याची घंगाळं, थंडीत तापवलेलं पाणी. शौचकूपाला जुन्या कागदांत ‘शेतखाना’ म्हणतात. मैला उचलण्याचं काम ‘हलालखोर’ म्हणून नोंदलेल्या माणसांकडे, म्हणजे ज्यांना वाड्यातल्या कुठल्याही पाण्याला हात लावता येत नव्हता त्यांच्याकडे. स्वच्छतेचं कौतुक करताना ती कुणाच्या हातांनी राखली गेली हे सांगितल्याशिवाय मी हा प्रश्न सोडत नाही.

१०. बायका पडद्यात असायच्या का? दिवसभर करायच्या काय?

उत्तरेकडच्या राजवाड्यांसारखा कडक पडदा या घरात नव्हता. स्त्रियांचे महाल, माजघरं, चौक वेगळे होते आणि दरबारात त्या बसत नसत. पण देवळांना, यात्रांना, सणासमारंभांना त्या उघड जात. बाजीरावांची आई राधाबाई १७३५–३६ मध्ये उत्तरेत तीर्थयात्रेला गेली, तेव्हा राजपूत दरबारांनी तिचा सन्मान केला. विधवा, म्हातारी बाई, सोबत लवाजमा, आणि मुलाच्या राजकारणाला तिच्या यात्रेचा उपयोग झालेला.

मोहिमांवरही स्त्रिया जात. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई पानिपतावर होती आणि त्या कत्तलीतून वाचून परतली.

घरात देवधर्म, व्रतं, हळदीकुंकू, मुलांचं आजारपण, दागिन्यांची आणि वस्त्रांची देवाणघेवाण हे चालूच असे. शिवाय पत्रं. काही जणी स्वतः लिहीत, काही कारकुनाकडून लिहवून घेत. गोपिकाबाई आणि रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांची पत्रं वाचली तर त्यांचा राजकारणातला जीव लपत नाही. पतीच्या, मुलाच्या आडून बोलावं लागे, पण बोलत. स्वतःचा पैसाही असे: पेशव्यांनी १७३४ मध्ये गौतमाबाई होळकरांना नेमून दिलेली ‘खासगी’, म्हणजे स्त्रीच्या स्वतंत्र हाताखालचं उत्पन्न, हे याचं ठळक उदाहरण, आणि पुढं अहिल्याबाईंनी ती खासगी कशी वापरली ते घाट आणि देवळं अजून सांगतात.

नात्यातल्या नात्यात मान कसा राखायचा तेही पत्रांच्या मायन्यांतून कळतं. वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, सुवासिनीला ‘वज्रचुडेमंडित’, विधवेला ‘गंगाभागीरथी’. मायना वाचला की बाईच्या कपाळावर कुंकू आहे की नाही ते पहिल्या ओळीतच समजतं.

११. लग्नं किती लहानपणी व्हायची?

मुंज आठाच्या आसपास, लग्न लगेच पुढं. सवाई माधवराव एप्रिल १७७४ चे, लग्न फेब्रुवारी १७८३ मध्ये, म्हणजे नववं वर्षही पुरं झालं नव्हतं. मुली त्याहून लहान. न्हाण येईपर्यंत त्या सासरी मुलीसारख्याच वाढत, भातुकली खेळत, सासूच्या हाताखाली शिकत. एकाहून अधिक लग्नंही होत. पानिपताची मोहीम ऐन भरात असताना, डिसेंबर १७६० मध्ये, नानासाहेबांनी पैठणला दुसरं लग्न केलं. दुसऱ्या बाजीरावांची पुणं आणि ब्रह्मावर्त (बिठूर) मिळून अकरा लग्नं मोजतात. ही लग्नं ‘त्या काळची रीत’ म्हणून सोडून द्यावीत असं मला वाटत नाही. वाड्यातल्या किती मुलींचं आयुष्य तेरा-चौदाव्या वर्षी बाळंतपणात किंवा वैधव्यात संपलं, त्यांची नावंसुद्धा पुष्कळदा ‘अमक्याची स्त्री’ एवढीच उरली आहेत.

१२. कपडे, दागिने, मुलांचे खेळ यांबद्दल थोडक्यात सांगाल का?

पुरुष घरी धोतर आणि उपरणं, दरबारात अंगरखा किंवा जामा, पगडी, शेला. कानात भिकबाळी, पगडीला शिरपेच, गळ्यात मोत्यांची कंठी. स्त्रियांचं नऊवारी लुगडं आणि चोळी, सणाला पैठणी किंवा शालू. गळ्यात चिंचपेटी, तन्मणी, वज्रटीक, हातात गोठ, पाटल्या, तोडे, केसांत राखडी, कानात बुगडी, नाकात नथ. पैठणच्या विणकरांवर पेशव्यांचं बारीक लक्ष असे. माधवरावांनी आसावलीचे दुपट्टे रंग सांगून मागवले होते.

मुलं सोंगट्या, गंजिफा, बुद्धिबळ खेळत. मोडी लिहिणं, बाळबोध वाचणं, अमरकोश, हिशेब, घोडा आणि हत्यार हे शिक्षण. सवाई माधवरावाला प्राण्यांचं वेड होतं. पर्वतीच्या पायथ्याशी त्याचा शिकारखाना, म्हणजे प्राणिसंग्रह होता, आणि तिथल्या गेंड्याचं १७९० मध्ये गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकारानं काढलेलं चित्र आजही उपलब्ध आहे. इंग्रज वकील मॅलेटच्या पुढाकारानं वाड्यात चित्रं शिकवायची सोयही झाली होती. जेम्स वेल्सनं रंगवलेली सवाई माधवराव आणि नाना फडणिसांची चित्रं त्याच वर्षांतली, प्रत्यक्ष बघून केलेली.

१३. इतक्या गर्दीत ‘खासगी’ असं काही होतं का?

शब्द होता, अर्थ वेगळा होता. कागदांत ‘खासगी’ म्हणजे पेशव्यांच्या घरचं उत्पन्न आणि खर्च, राज्याच्या म्हणजे दौलतीच्या हिशेबापासून वेगळा ठेवलेला. आपण ज्याला खासगीपणा म्हणतो, एकटं असण्याचा हक्क, तो फारसा कुणाला नव्हता. रात्रीही दाराशी खिजमतगार, मशालजी, पहारा. पेशव्यांनी काय खाल्लं, कुणाला काय दिलं, कुठली वस्त्रं काढली, सगळं रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या हिशेबवहीत.

नोकर इतके जवळ असत की मरणही वाटून घेत. ३० ऑगस्ट १७७३ ला, दुपारच्या निवांत वेळी, गारदी, म्हणजे पगारी शिपाई, आत घुसले तेव्हा चापाजी टिळेकर हा नोकर थोरल्या माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे यांच्या अंगावर आडवा पडला आणि त्यांच्याबरोबर कापला गेला. नारायणराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. आणि ज्यांच्याकडे ते धावले ते काका रघुनाथराव त्याच वाड्यात, आपल्या महालात, नजरकैदेत होते. पुतण्याचा पहारा काकाच्या दारावर आणि दोघांच्या मधे दोन-चार चौक. घर म्हणून पाहिलं तर या वाड्यात सर्वांत भयंकर गोष्ट मला ही वाटते.

पैशाचंही तसंच. सावकारांचं कर्ज हा घरातला रोजचा विषय होता. थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयानं अंथरुणाला खिळले असताना त्यांनी जी नऊ कलमं लिहवून घेतली, त्यात कर्ज फेडण्याची काळजी होती.

१४. मस्तानी वाड्यात कुठं राहायची? घरच्यांनी तिला स्वीकारलं का?

तिचा महाल वाड्याच्या आवारात वेगळा होता आणि दारही वेगळं (प्रश्न ३). बुंदेलखंडाच्या छत्रसालाच्या मदतीला बाजीराव १७२९ मध्ये गेले, त्यानंतर ती पुण्यात आली. घरानं तिला सून म्हणून मानलं नाही. बाजीराव मोहिमेवर असताना तिला अडकवून ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली. १७४० मध्ये बाजीरावांपाठोपाठ तीही गेली, पाबळला तिची कबर आहे.

पण मुलाच्या बाबतीत वाड्याचं वागणं वेगळं. १७३४ मध्ये जन्मलेल्या या मुलाला बाजीरावांना मुंजीनं ब्राह्मण करायचं होतं. ब्रह्मवृंदानं नाकारलं, आणि कृष्णराव हा समशेर बहाद्दर झाला. तरी तो घरातच, भावंडांत वाढला, पेशव्यांचा सरदार झाला आणि १७६१ मध्ये पानिपतच्या जखमांनी गेला. त्याचा मुलगा अलीबहादूर, ज्याचं नाव मस्तानीच्या दाराला लागलं. ज्या घरानं आईला पंगतीबाहेर ठेवलं त्याच घरासाठी मुलगा मेला, आणि नातवाच्या नावानं आईचं दार ओळखलं गेलं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जो मस्तानी महाल पाहायला मिळतो तो कोथरूडच्या तिच्या वास्तूचा आहे, शनिवारवाड्यातला नाही.

१५. ‘कुणबीण’ म्हणजे कुणबी समाजातली बाई ना?

नाही, आणि हा गैरसमज दूर व्हायला हवा. पेशवाईच्या कागदांत ‘कुणबीण’ किंवा ‘बटीक’ म्हणजे गुलाम स्त्री. त्या विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात. ‘बदकर्म’ ठरवून सरकारनं शिक्षा म्हणून गुलाम केलेल्या स्त्रियाही त्यात असत. कुणी किल्ल्यावर, कुणी कोठीत, कुणी पागेत. दळणकांडण, सारवण, भांडी, चारा ही त्यांची कामं. म्हातारपणी सोडून दिल्याच्या नोंदी आहेत, आणि लग्नात आंदण म्हणून दिल्याच्याही. नाटकशाळा या नाचगाण्यासाठी ठेवलेल्या स्त्रिया, त्यांचा दर्जा वेगळा, पण घर सोडून जायची मोकळीक त्यांनाही नव्हती.

वाड्याच्या आठवणींत पैठण्या आणि नथी येतात. जात्यावर बसलेल्या या बायका येत नाहीत. त्यांच्यातली एखादी हिशेबाच्या कागदावर किंमत आणि नाव एवढ्यानं दिसते. तेवढं तरी नाव घ्यावं.

१६. विधवांना सगळ्यांना एकच नियम होता का?

नियम एक होता, आयुष्यं वेगवेगळी. राधाबाई १७२० पासून १७५३ पर्यंत वैधव्यात राहिली आणि घरातली सर्वांत मोठी अधिकारी तीच होती. माधवरावांची पत्नी रमाबाई १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला सती गेली. गोपिकाबाई गंगापूरला जाऊन राहिली. आणि गंगाबाई, नारायणरावांची गर्भार विधवा, हिला तर पुरंदरावर जपून नेण्यात आलं, कारण राज्याचा वारस तिच्या पोटात होता.

खरा अपवाद पार्वतीबाईचा (प्रश्न १०). पानिपतानंतर भाऊंच्या मृत्यूवर तिनं विश्वास ठेवायला नकार दिला. कुंकू पुसलं नाही, सुवासिनीच राहिली. मग भाऊंचा तोतया निघाला, त्याच्या मागं माणसं जमली, आणि १७७६ मध्ये त्याला मारण्यात आलं. या साऱ्या काळात ती कुंकू लावूनच होती, १७८३ मध्ये गेली तेव्हाही. बावीस वर्षं एवढ्या कर्मठ घरात एका बाईनं आपलं म्हणणं सोडलं नाही आणि घरानं ते चालवून घेतलं. प्रेम, जिद्द की भाऊ परततील ही आशा, हे तिचं तिला ठाऊक.

१७. आजारी पडलं तर?

वैद्य, पथ्य, काढे, आणि त्यांच्या बरोबरीनं अनुष्ठानं, ब्राह्मणभोजनं, दानं. हवापालट म्हणून देवस्थानी जाऊन राहणं हाही इलाज. माधवराव थेऊरच्या गणपतीपाशी म्हणून गेले. पानिपतानं खचलेले नानासाहेब जून १७६१ मध्ये पर्वतीवर गेले. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये तापानं आजारी असताना महालावरून खाली कारंज्याजवळ पडले आणि दोन दिवसांनी गेले. तोल गेला की उडी घेतली, यावर तेव्हापासून दोन मतं आहेत. मला विचाराल तर एकवीस वर्षांच्या त्या मुलाचा ताप आणि एकटेपणा हे दोन्ही लक्षात घेऊन बोलावं.

१८. ‘ध चा मा’ खरं का? आणि पौर्णिमेला ‘काका मला वाचवा’ ऐकू येतं का?

नारायणरावांबद्दलच्या हुकमात ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं ही गोष्ट इंग्रज इतिहासकार ग्रँट डफनंही नोंदवली आहे. पण तो बदललेला कागद पुढं आलेला नाही. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते रघुनाथरावांना. दोष बाईच्या शाईवर ढकलणं लोकांना सोपं गेलं, एवढं मी म्हणेन. हाकेचं म्हणाल तर तिथं रात्री वारा, वाहनं आणि वटवाघळं ऐकू येतात. त्या मुलाच्या मरणाचा खेळ करू नये.

१९. हे सगळं कशावरून कळतं?

मोडीतल्या कागदांवरून. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडात बांधलेले हजारो रुमाल आहेत: रोजकीर्दी, याद्या, पत्रं. बखरी रंगतदार असतात पण पुष्कळदा उशिरा लिहिलेल्या. घरगुती आयुष्यासाठी हिशेब जास्त भरवशाचे, कारण तूप किती लागलं याबद्दल खोटं लिहायला कारकुनाला फारसं कारण नसे. मोडी शिकायला काही महिने पुरतात. ज्यांना या विषयाची ओढ आहे त्यांनी जरूर शिकावी.

२०. १८१८ नंतर या घराचं काय झालं?

१७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव शरण गेले आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेले. सोबत नातलग, आचारी, भिक्षुक, नोकर असं अख्खं गाव गेलं. तिथंही पंगती, अनुष्ठानं, बाळंभटदादा देवधरांचा मल्लखांब आणि लग्नं चालू राहिली. बाजीराव १८५१ मध्ये वारले, दत्तक नानासाहेबांना तनखा नाकारला गेला, आणि १८५७ च्या शेवटी इंग्रजांनी बिठूरचा वाडाही पाडला.

पुण्याचा वाडा त्याआधीच गेला होता. इंग्रजांनी काही काळ तो तुरुंग आणि दवाखाना म्हणून वापरला. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली, ती सात दिवस धुमसत होती असं सांगतात. लाकडी मजले जळाले. तट, दरवाजे, कारंज्याचं कमळ आणि जोती राहिली. मुदपाकखाना कुठं होता असं कुणी विचारलं की त्यातल्याच एका जोत्याकडे बोट दाखवावं लागतं.